ब्लँकेट आणि वही

तीन वर्षांपूर्वीच्या नाताळातली गोष्ट. बेळगावातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या भगिनी मंडळाने वर्गणी काढून साठ ब्लँकेटं घेतली. चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याच्या मागे ऊसतोड कामगारांचा अड्डा पडतो, तिथे वाटायला आम्ही दोन गाड्या करून गेलो. दिवस कलला होता. टोळ्या उसाच्या फडातून नुकत्याच परतल्या होत्या, कोप्यांपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढे, चुली पेटत होत्या आणि सगळ्या हवेला मळीचा वास होता. पाळकांनी छोटीशी प्रार्थना केली, आम्ही एक गीत म्हटलं, ब्लँकेटं वाटली, फोटो काढले.

एका बाईने तिच्या वाटणीचं ब्लँकेट घेतलं, शेजारच्या पोरीच्या हातात दिलं आणि कोपीत जाऊन एक वही घेऊन आली. "बाई, पांघरूण हाय आमच्याकडं," ती म्हणाली. "तुमी शिकल्याल्या दिसता. एवढी वही वाचून सांगा की."

माझी चौतीस वर्षं बँकेत गेली, त्यातली बरीचशी लेजरपुढे. वही दिसली की हात आपोआप पुढे होतो. बॅटरीच्या उजेडात मी पानं चाळली. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्याची ऐंशी हजार उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम. मग टनांचे आकडे, किराण्यासाठी मुकादमाने, म्हणजे टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराने, मधूनमधून दिलेले पैसे आणि खाडे. खाडा म्हणजे कामावर न आलेला दिवस. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो. दिवाळीनंतर सुनेच्या बाळंतपणासाठी ही बाई सहा दिवस कोपीत राहिली होती. ते सहा खाडे 'आजारपण' म्हणून मांडले होते, दिवसाला पाचशे. दोन पानं पुढे तेच सहा दिवस 'रजा' म्हणून परत मांडले होते, परत दिवसाला पाचशे. तीन हजार रुपये दोनदा कापलेले. मी दोन्हीकडे पेन्सिलीने खूण केली आणि तिच्या मुलाला दाखवलं.

चार दिवसांनी मला फोन आला. मुकादमाचा येईल असं वाटलं होतं; आला तो मंडळीचा कारभार बघणाऱ्या आमच्याच पंच कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांचा. हुक्केरी तालुक्यात त्यांचा ऊस आहे आणि त्याच मुकादमाची टोळी त्यांच्या फडात उतरते. "बाई," ते म्हणाले, "आपण ब्लँकेट वाटायला गेलो होतो की ऑडिट करायला?"

रागात विचारला असला तरी प्रश्न नेमका होता. माझं उत्तर असं की ऑडिट करायलाच जायला हवं होतं. ब्लँकेटं नसती नेली तरी चाललं असतं.

सीमाभागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी समाजासाठी काही केलं नाही, असं कोणी म्हणू नये. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक १८२० साली बेळगावात आले, तेव्हापासून शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. इथल्या मिशनच्या शाळांच्या बाकांवर बसलेली मुलं पुढे मराठीवाल्यांच्या भगव्या मोर्चातही दिसली आणि कन्नडवाल्यांच्या लाल-पिवळ्या मोर्चातही. शाळेने दोघांनाही पाढे सारखेच शिकवले होते. ही पुण्याई मोठी आहे आणि आम्ही अजून तिच्या व्याजावर जगतो. पण त्या कामाची एक सवय आमच्या अंगात मुरली आहे. ज्याला नाही त्याला द्यायचं. त्याच्याकडे का नाही, हे विचारायचं नाही.

ब्लँकेट देताना कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. थंडी पडते, ती कोणी पाडलेली नसते. वही उघडली की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कोणीतरी माणूस भेटतोच: मुकादम, त्याच्यामागे कारखान्याचा शेतकी विभाग, त्याच्यामागे बागायतदार, आणि बागायतदारांमध्ये रविवारी आपल्या पुढच्या बाकावर बसणारा आपलाच माणूस. दयेत सगळे एका बाजूला असतात, म्हणून ती मंडळीला परवडते. हिशेबात दोन बाजू पडतात. लेजरला तर त्या छापूनच येतात.

आमच्या मंडळीत दरवर्षी कापणीचा सण होतो. लोक भोपळे, नारळ, भात, कोंबड्या आणतात, उपासनेनंतर लिलाव होतो, कोणीतरी एक लिंबू हौसेने हजार रुपयांना घेतो. वेदीच्या दोन्ही बाजूंना उंच ऊस बांधतात. फार सुंदर दिसतो. तो कोणी तोडला, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मात्र नेमकं तेच विचारलं आहे: ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणाऱ्यांचं ते गाऱ्हाणं देवाच्या कानापर्यंत पोहोचलं आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, असं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. आम्ही हे वाचतो आणि मनातल्या मनात पॅलेस्टाइनला ठेवून येतो. शेत हा शब्द वाचताना उसाचा फड डोळ्यांपुढे आला, तर त्या रविवारचा संदेश पाळकांना जड जाईल.

आणि ही वही काही मी शोधून काढलेलं खूळ नाही. ती कायद्यातूनच आली आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा केंद्रीय कायदा कंत्राटदाराला सांगत होता की प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्या. त्यात कामाची जागा आणि मुदत, मजुरीचा दर, विस्थापन भत्ता, परतीचं भाडं आणि झालेली कपात लिहा, तीही मजुराला कळेल अशा भाषेत. पुढे २०२० च्या कामगार संहितेने हा कायदा पोटात घेतला. चाळीसेक वर्षं कागदावर असलेलं ते पासबुक मी आजवर एकाही कोपीत पाहिलेलं नाही. त्या बाईची लाल पुठ्ठ्याची दोनशेपानी वही मुकादमाच्या अक्षरात होती आणि तिच्यावर कोणाची सही नव्हती.

उचलीचंही तसंच. उचल घेतली म्हणून माणूस ती फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाऊ शकत नसेल, तर ती वेठबिगारी ठरते, असं १९७६ चा कायदा म्हणतो. त्याच कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असते आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे लोक व सामाजिक कार्यकर्ते घ्यावे लागतात. म्हणजे या खुर्च्यांवर बसायला बाहेरच्या माणसांना कायद्यानेच बोलावलं आहे. १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. ही सगळी वाक्यं आपल्याच देशाच्या कायद्यातली आहेत. ती म्हणायला क्रांतिकारक व्हावं लागत नाही. वाचता येणारा आणि जिल्हाधिकारी कचेरीत दोन तास बाकावर बसायची तयारी असलेला माणूस लागतो. आमच्या मंडळीत निवृत्त शिक्षक, कारकून, परिचारिका, पोस्टमास्तर इतके आहेत की उपासनेनंतरच्या चहाला पेन्शनशिवाय दुसरा विषय निघत नाही.

आता आक्षेप. पहिला आमच्या पाळकांचा, आणि तो पवित्र शास्त्रातूनच आला. लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की माझी वाटणी मला दे. येशू म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटण्या करणारा कोणी नेमलं? पाळक म्हणाले, "बाई, प्रभूने हिशेबात हात घातला नाही. आपण कोण?"

मी त्यांना तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. घरी येऊन शोधलं. लूकमधला माणूस इस्टेटीतला वाटेकरी आहे, आणि येशू लगेच पुढे लोभाबद्दल बोलतो. पण मंडळीची पहिली भांडाभांडी कशावरून झाली? प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. यरुशलेमात ग्रीक बोलणारे यहूदी कुरकुरू लागले की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं आणि इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना नीट मिळतं. वाटप चुकलेलं, आणि चुकलेलं भाषेच्या रेघेवर! बेळगावच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. त्यावर प्रेषितांनी काय केलं? प्रार्थनेची साखळी लावून ते मोकळे झाले नाहीत. आम्ही वचनाची सेवा सोडून पंक्तीत वाढायला जाणं बरं नव्हे, म्हणून चांगल्या नावाची सात माणसं निवडा, असं त्यांनी सांगितलं. ती सात नावं तिथे दिली आहेत, स्तेफनापासून निकलावापर्यंत, आणि सातही ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, वाटप त्यांच्याच लोकांच्या हाती सोपवलं.

त्यामुळे पाळकांचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. त्यांनी वचन सांगावं. वही सात जण वाचतील.

त्यांचा दुसरा आक्षेप त्यांनी हळू आवाजात सांगितला, आणि तो मला अधिक खरा वाटतो. "तुम्ही घरी जाल. रात्री दार माझं वाजेल." ही भीती काल्पनिक नाही. धर्मस्वातंत्र्य संरक्षण असं नाव दिलेलं धर्मांतरविरोधी विधेयक २३ डिसेंबर २०२१ रोजी कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं, आणि ते आमच्याच शहरात, सुवर्ण विधानसौधमध्ये. नाताळ दोन दिवसांवर होता. त्याच महिन्यात बेळगावातल्या एका धर्मगुरूंवर त्यांच्या राहत्या आवारात एक माणूस हत्यार घेऊन धावून गेला. पुढच्या वर्षी आधी अध्यादेश आणि मग कायदा आला. धर्म बदलायचा तर तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवा, आणि आरोप झाला तर आपण जबरदस्ती केली नाही हे आरोपीनेच सिद्ध करा. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. पण त्या काळात अंगवळणी पडलेलं दबकून चालणं मंत्रिमंडळाच्या ठरावाने जात नाही. घरातल्या प्रार्थनासभेला खिडक्या लावून घ्यायची सवय आमच्यातल्या काहींना अजून आहे.

मात्र हाच कायदा जरा बारकाईने वाचा. त्यात 'आमिष' कशाला म्हटलं आहे? भेटवस्तू, पैसा किंवा वस्तूच्या रूपातला लाभ, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत मोफत शिक्षण, चांगल्या राहणीची लालूच. म्हणजे साठ ब्लँकेटं, एक गीत आणि एक प्रार्थना हा त्या व्याख्येत चपखल बसणारा प्रसंग होता, आणि त्याचे फोटो आम्ही स्वतः काढून ठेवले होते. दोनदा लावलेल्या खाड्यावर पेन्सिलीची खूण करणं कुठल्याच व्याख्येत बसत नाही. त्या खुणेत मी त्या बाईला काही दिलं नाही. जे तिचंच होतं ते कुठे गेलं एवढं दाखवलं. ज्यांना सांभाळून राहायचं आहे त्यांनी तरी दयेपेक्षा न्यायाच्या कामात अधिक सुरक्षित वाटून घ्यावं. मला यातली गंमत फार उशिरा कळली.

अर्थात मुकादमाला व्याख्या वाचायची गरज नसते. मजुरांचा हिशेब बघणाऱ्या ख्रिस्ती बाईला 'बाटवायला आली' म्हणणं त्याला सोयीचंच आहे. म्हणून माझं म्हणणं असं की हे काम एकट्याने करू नये आणि एकट्या ख्रिस्ती लोकांनीही करू नये. शेजारचा वकील, गावातली अंगणवाडीताई, निपाणीकडच्या विडी आणि तंबाखू कामगारांच्या संघटनांमधली जुनी माणसं, ज्यांना मजुरी मागायचा अनुभव आमच्याहून कितीतरी जास्त आहे, त्यांना बरोबर घ्यावं. टेबलावर पत्रकं ठेवू नयेत. यावर आमच्यात वाद झाला. एक ताई म्हणाल्या, मग आपण ख्रिस्ती म्हणून काय केलं? मी म्हटलं, वही बरोबर वाचली. त्यांचं समाधान झालं नाही, आणि माझंही पूर्ण झालेलं नाही.

आमच्या सभागृहात बाबा पदमनजींबद्दल कौतुकाने बोललं जातं. बोलावंच. मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा हा लेखक १८३१ मध्ये इथे बेळगावात जन्मला आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झाला. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्याने 'यमुनापर्यटन' लिहिलं. त्यात काय आहे? एक बाई गावोगाव फिरते आणि विधवांचे हाल बघते. केशवपन, उपासमार, घरातला छळ, सगळं ठिकाणांसह, माणसांसह. त्याने 'स्त्रियांच्या दुःखासाठी' अशी मोघम प्रार्थना लिहिली असती तर आज त्याची आठवण कोणी काढली नसती. पंडिता रमाबाईंचंही असंच आहे. केडगावच्या मुक्ती सदनातल्या अन्नछत्राबद्दल आम्ही बोलतो, पण १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांचे काय हाल चालले आहेत हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड लिहिलं, आणि गव्हर्नर सँडहर्स्टसाहेबांना त्याचा इन्कार करावा लागला, हे आमच्या संडेस्कूलमध्ये कोणी सांगत नाही. सरकार तेव्हा तर ख्रिस्ती होतं. रमाबाईंनी त्याचीही भीड धरली नाही.

मोघमपणावरून आठवलं. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या नव्या वंटमुरीत एक मुलगा एका मुलीला घेऊन गेला, म्हणून मुलीच्या नातेवाइकांनी त्याच्या आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र करून गावातून फिरवलं आणि खांबाला बांधलं. विधिमंडळाचं अधिवेशन तेव्हा इथेच भरलं होतं. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि बघत उभ्या राहिलेल्यांचाही जाब विचारला. पुढच्या रविवारी आमच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत 'देशातील स्त्रियांवरील अत्याचार थांबावेत' असं वाक्य आलं. वंटमुरी हे नाव आलं नाही. आमच्या वेदीपासून ते गाव गाडीने अर्ध्या तासावर आहे. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतला याजक, रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला बघून, वाटेच्या दुसऱ्या बाजूने निघून गेला. त्याने जाता जाता देशासाठी प्रार्थना केली नसेल असं कशावरून?

हे सगळं बाहेरच्यांचं झालं. घरच्या वहीकडे येते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ मध्ये बाळकृष्णन आयोग नेमला गेला, आणि प्रश्न अजून लोंबकळतो आहे. कर्नाटकात त्यांना मागासवर्गांच्या पहिल्या गटात जागा मिळते, पण कोणी जातीवरून मारलं तर ॲट्रॉसिटीचा कायदा त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. म्हणून आमच्या मंडळ्यांत कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती अशी घरं आहेत. त्यांना ढोंगी म्हणणाऱ्याने आधी त्यांच्या मुलाची फी भरावी. ही मागणी न्याय्य आहे आणि मी तिच्या बाजूची आहे.

पण ही मागणी करताना आम्ही दिल्लीत काय सांगतो? धर्म बदलला तरी जात गेली नाही, तिचे चटके तसेच बसतात. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचाच पुरावा मागितला होता. आणि बेळगावात, व्यासपीठावरून? ख्रिस्तामध्ये जातपात नाही, आम्ही सगळे एक. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? लग्न जमवताना आमच्या मराठी मंडळीत एक शब्द चालतो: 'आपल्यातलं स्थळ'. ख्रिस्ती म्हणजे आपल्यातलं, असा याचा अर्थ परक्याला वाटेल. आतल्यांना माहीत आहे की बाप्तिस्म्याच्या चार पिढ्या मागे जाऊन आडनाव तपासल्याशिवाय 'आपल्यातलं' ठरत नाही. आयोगापुढे पुरावा न्यायचा असेल तर फार लांब जायला नको. आमच्या लग्नांची नोंदवही आहे.

पंच कमिटीत अकरा जण आहेत. दोन बायका. कापणीच्या सणाचा स्वयंपाक चाळीस बायका करतात.

आणि माझी स्वतःची वही. आमच्याकडे भांडी घासायला बाई येते. ती न आलेल्या दिवसांवर मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुल्या मारायचे आणि महिन्याअखेर पैसे कापायचे. त्या फुल्यांना मराठीत काय म्हणतात? खाडे. त्या रात्री चिकोडीहून परत आले, दिवा लावला आणि समोर डिसेंबरचं पान होतं, त्यावर चार फुल्या. मुकादम तरी उचल देतो; मी तीही दिलेली नव्हती. तेव्हापासून महिन्याला चार सुट्या भरपगारी केल्या आहेत आणि आजारपणाचे पैसे कापत नाही. यात मोठेपणा काही नाही. बँकेत मला स्वतःला किरकोळ रजा, आजारपणाची रजा, अर्जित रजा, सगळं मिळत होतं, आणि त्यातला एक दिवस कमी लागला तर मी युनियनकडे धाव घेत होते.

आता भाषेबद्दल, कारण बेळगावात ते न बोलता लेख पुरा होत नाही. मी मराठी आहे. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या घरात वाढले. महाराष्ट्राचा ८६५ गावांवरचा दावा, महाजन आयोगाचा अन्याय, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला खटला, हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे. मराठीत उतारे मिळावेत, मराठीत कागद मिळावेत, ही मागणी मला आजही रास्त वाटते, कारण न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायला लावणं हा अन्यायच आहे. मग बीडहून, उस्मानाबादहून ऊस तोडायला आलेली ती अड्ड्यावरची माणसं? ती मराठीच बोलतात. वर्षातले पाच महिने ती याच सीमाभागात, या ८६५ गावांच्या बांधांवर राहतात. सीमेपलीकडे त्यांच्यासाठी महामंडळ आहे, अलीकडे कारखाना आहे, आणि मधल्या कोपीतल्या बाईचा अर्ज कुठे द्यायचा हे दोन्हीकडच्या कारकुनांना ठाऊक नसतं. आमच्या मोर्चांनी तिला कधी मराठी माणसांत मोजलं नाही. आम्ही गावं मोजतो, आणि तिचं गाव इथलं नाही.

आमच्याच आवारात सकाळी मराठी उपासना होते आणि नंतर कन्नड. पार्किंगवरून, घंटेवरून, ध्वनिक्षेपक कोणी बंद करायचा यावरून वर्षानुवर्षं कुरबुरी चालतात. वहीचं काम निघालं तेव्हा पहिल्याच अर्जाला आम्ही अडलो. कामगार खात्याकडे जायचं तर अर्ज कन्नडमध्ये हवा, आणि आम्हा मराठी पेन्शनरांचं कन्नड बाजारापुरतं. मग कन्नड उपासनेतल्या एका निवृत्त शिरस्तेदारांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, वही बघितली आणि दहा मिनिटांत अर्ज लिहून दिला. अक्षर मोत्यासारखं. मी त्यांना वीस वर्षं आवारात बघत होते आणि कधी नाव विचारलं नव्हतं.

त्या पहिल्या बाईचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. मुलाने वही मुकादमापुढे धरली. मुकादमाने एका ठिकाणचे तीन हजार खोडले, दुसरीकडचे ठेवले. पुढच्या हंगामात ती टोळी त्या अड्ड्यावर आली नाही. दुसऱ्या कारखान्याला गेली म्हणतात. माझ्या पेन्सिलीमुळे की आणखी कशामुळे, हे कळायला मला मार्ग नाही, आणि ते मला लागून राहिलं आहे. एक बाई वही वाचते तेव्हा टोळी हलवणं सोपं असतं. दोनशे घरांची मंडळी, तिच्याबरोबर वकील, संघटना आणि कन्नड अर्ज असेल, तर मुकादमालाही दोनदा विचार करावा लागेल. आपण थोडे आहोत म्हणून गप्प राहावं, असं पंच म्हणतात. माझ्या हिशेबात थोडे असणाऱ्यांनीच मिळून बोलायला हवं. एकेकट्याने बोललेलं पुसून टाकायला फार कष्ट पडत नाहीत.

येत्या वार्षिक सभेपुढे मी लेखी ठराव ठेवला आहे. ब्लँकेटांचे पैसे निम्मे करावेत. दुसऱ्या निम्म्यातून हंगामाचे पाच महिने, दर रविवारी दुपारी, अड्ड्यावर एक टेबल लावावं. झेरॉक्स, प्रवास आणि स्टेशनरी एवढाच खर्च. प्रेषितांनी केलं तशी सात नावं निवडावीत, त्यांत निदान तीन बायका असाव्यात आणि निदान दोन अशा घरांतले, ज्यांच्या आजी-आजोबांनी स्वतः दुसऱ्याच्या फडात राबून मार खाल्ला आहे. ऊस असलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनी ठरावाला विरोध कळवला आहे, पण परवा उपासनेनंतर बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "पासबुक-पासबुक म्हणता, त्याचा नमुना मिळेल का? मुकादमाला दाखवतो."

पाच नावं जमली आहेत, त्यांतले दोघे कन्नड उपासनेतले. खजिनदारांनी ठराव वाचून एकच शंका काढली आहे. हा खर्च धर्मादायमध्ये टाकायचा नाही असं मी म्हणते, तर मग कोणत्या सदरात टाकायचा? आमच्या हिशेबाच्या पुस्तकात त्यासाठी सदरच नाही.